मेकअपची बाराखडी शिकायची आहे, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, चाळिशी आली तरी माझी मजल काजळ-टिकलीपुढे गेलेली नाही. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे आणि यंदा पार्लरवालीच्या हवाली चेहरा करायचा नाहीये, स्वतःच शिकायचं आहे.

त्वचा कपाळ-नाकावर तेलकट, गालांवर कोरडी, रंग गव्हाळ. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणलंय, पण ते मॉइश्चरायझरच्या आधी लावायचं की नंतर? फाउंडेशनची छटा मनगटावर बघू की जबड्याच्या कडेला? दुकानातली मुलगी हमखास दोन छटा उजळच काढून देते, ते नकोच! मुंबईच्या दमट हवेत काजळ पसरू नये म्हणून काय करता? आणि भेगाळलेल्या टाचांना युरिया असलेली क्रीम कुणी वापरली आहे का? बजेट सगळं मिळून १५०० रुपये.