रिकामं स्टेडियम म्हणजे नेट प्रॅक्टिस?

कोरोनामुळं २०२० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधलं क्रिकेट रिकाम्या स्टेडियमात झालं, म्हणून ते म्हणजे नुसती नेट प्रॅक्टिस, असं कोणी म्हणतं ते नाही पटलं भाऊ. इंग्लंड अन् विंडीजची (वेस्ट इंडिज) साउदॅम्प्टनची पहिली टेस्ट आठवा ना, पहिल्या दिवशी पावसानं १७.४ ओव्हरच होऊ दिल्या, अन् शेवटच्या दिवशी २०० करायचे तर विंडीजच्या २७ रनवर ३ विकेट गेलेल्या, वरून त्यांचा ओपनर कॅम्पबेल बॉल लागून आत गेलेला, तिथून त्यांच्याच ब्लॅकवूडनं ९५ काढले अन् ४ विकेटनं जिंकले!

आमच्याकडं तवा डवरणी चालू होती, नेटवर्क फक्त धुऱ्यावरच्या निंबाखाली, बैल सोडले अन् अंधार पडेपर्यंत तिथंच स्कोर पायत बसलो. विंडीजचे डॅरेन ब्राव्हो, हेटमायर, कीमो पॉल कोरोनामुळं या दौऱ्यावर आलेच नव्हते, त्यांची चूक नाही, पण जे आले त्यांनी जीव ओतला.