रॉबर्ट स्टॅनफर्ड टक : विमानानंतरची ३८ वर्षं कशी लिहावीत?

शब्दपाटी
नमस्कार मंडळी. विमान-इतिहास गटाच्या भित्तिपत्रकासाठी दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ वैमानिक विंग कमांडर रॉबर्ट स्टॅनफर्ड टक यांच्यावर स्मृतिलेख लिहायला घेतला आहे. जन्म १ जुलै १९१६, मृत्यू ५ मे १९८७. १९३५ साली रॉयल एअर फोर्समध्ये दाखल, १३ मे १९४९ रोजी निवृत्त, पुढे केंट परगण्यात मशरूमची शेती. अडचण अशी की हाताशी असलेल्या सगळ्या मजकुरात लढाईची पानंच्या पानं आहेत आणि शेती मात्र एका ओळीत उरकली आहे. सेवा १४ वर्षांची, त्यानंतरचं आयुष्य ३८ वर्षांचं. दोन गोष्टींत मदत हवी. लढाईच्या भागात लोक नेहमी काय चुकतात? आणि त्या काळी इंग्लंडात बटन मशरूम नेमकं कसं पिकवत? "उर्वरित आयुष्य शेतीत घालवले" असं लिहायला हात धजत नाही.

धावपट्टी
प्रश्न आवडला. लढाईचा भाग मोजून लिहा. प्रत्यक्ष हवाई लढाईचा काळ २३ मे १९४० ते २८ जानेवारी १९४२, म्हणजे वीस महिने. आधीची वर्षं प्रशिक्षणाची आणि ६५ स्क्वाड्रनमधली (स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी), नंतरची तीन वर्षं युद्धकैदेची. हे प्रमाण दिसलं की लेखाचा तोल आपोआप सुधारतो.

नेहमीची पहिली चूक म्हणजे टक आणि स्पिटफायर हे लढाऊ विमान एवढंच समीकरण मांडणं. सप्टेंबर १९४० मध्ये ते २५७ स्क्वाड्रनचे प्रमुख झाले आणि तिथे हरिकेन विमानं होती. ब्रिटनच्या लढाईचा (१९४० मधल्या, जर्मन हवाई दलाविरुद्धच्या हवाई लढाईचा) शेवटचा टप्पा ते हरिकेनवर लढले. स्पिटफायरचे दिवस त्याआधीचे, ६५ आणि ९२ स्क्वाड्रनमधले, आणि मग १९४१ मध्ये विंग लीडर, म्हणजे अनेक स्क्वाड्रनचे नेते, झाल्यानंतरचे.

दुसरी चूक पदकांची. डीएफसीला (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) 'दोन बार' म्हणजे तेच पदक एकूण तीन वेळा मिळालं. बार ही फितीवरची पट्टी असते, वेगळं पदक नव्हे. शिवाय डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर).

पाडलेल्या विमानांच्या आकड्याचंही जपा. २७ विमानं स्वतंत्रपणे आणि २ सामाईक, असं साधारणपणे दिलं जातं. 'सामाईक' हा शब्द गाळून सरळ २९ लिहू नका. दोघांनी मिळून पाडलेल्या विमानाचं श्रेय विभागलेलं असतं.

२३ मे १९४० ला थोडी जागा द्या. फ्रान्समधल्या डंकर्कच्या परिसरातली त्यांची ती पहिलीच लढाई. त्याच दिवशी ९२ स्क्वाड्रनचे प्रमुख रॉजर बुशेल पाडले गेले, कैद झाले, आणि टक यांना तुकडीची सूत्रं घ्यावी लागली. हेच बुशेल पुढे मार्च १९४४ च्या स्टालाग लुफ्ट ३ या जर्मन युद्धकैदी छावणीतल्या सामूहिक पलायनाचे सूत्रधार. टकही त्याच छावणीत होते, पण पलायनाआधी त्यांना बेलारियाच्या उपछावणीत हलवलं होतं. ते बोगद्यातून निसटले असं कुणी लिहिलं असेल तर ते खोडा. त्यांची सुटका १ फेब्रुवारी १९४५ ची. छावणी रिकामी करून कैद्यांना पायी पश्चिमेकडे नेत होते, तेव्हा एका पोलिश वैमानिकासोबत ते निसटले आणि रशियन फौजांकडे पोचले.

रेशीमछत्र
मशरूमचं मी सांगतो. टक यांच्या शेडमधल्या नोंदी माझ्यासमोर नाहीत, म्हणून हे त्या काळच्या पिकाचं वर्णन समजा आणि लेखातही तसंच लिहा.

सुरुवात कंपोस्टपासून. घोड्याची लीद मिसळलेला गव्हाचा पेंढा भिजवून माणूसभर उंचीचा ढीग रचायचा. आतलं तापमान ७० अंशांच्या आसपास चढतं. दर दोन-चार दिवसांनी ढीग उलटायचा, बाहेरचा भाग आत आणि आतला बाहेर. ढिगाच्या गाभ्याला हवा मिळाली नाही तर तिथलं कंपोस्ट आंबट, काळं, चिकट होतं. टनाला वीस-पंचवीस किलो जिप्सम घालतात, त्याने चिकटपणा तुटतो आणि पेंढा मोकळा राहतो. ओलावा हातानेच बघायचा. मूठ घट्ट आवळली की बोटांच्या फटीत दोन-चार थेंब दिसावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं.

मग कंपोस्ट लाकडी ट्रेमध्ये भरून बंद खोलीत वाफेने तापवायचं. काही तास ५७ ते ६० अंश, नंतर काही दिवस ५० च्या आसपास. इथे घाई केली की पीक गेलं. अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, घालायचं नाही. नाकाला जाणवेल एवढा अमोनिया असला तरी बुरशीचं जाळं धरत नाही आणि ट्रेमध्ये परक्या बुरश्या माजतात.

कंपोस्ट २५ अंशांवर आलं की स्पॉन, टनाला साधारण पाच ते सात किलो. दोन आठवडे २४-२५ अंश. जाळं वाढताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे खोलीतला थर्मामीटर २४ दाखवत असताना ट्रेच्या पोटात ३० झालेले असू शकतात. थर्मामीटर कंपोस्टमध्ये खुपसलेला हवा. ३२ च्या पुढे गेलं की जाळं मरू लागतं.

ट्रे पांढरा झाला की वर चार सेंटीमीटर केसिंग, म्हणजे पीट आणि खडूची भुकटी. सामू (pH) साडेसातच्या आसपास. हा थर खत म्हणून नसतो, पाणी धरायला असतो. साधारण आठवड्याने ताजी हवा वाढवून तापमान १६ ते १८ वर आणायचं, तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढे कोंब फुटतात. हवा कोंडली तर देठ लांब आणि टोपी बारीक राहते. केसिंगनंतर सुमारे तीन आठवड्यांनी पहिली तोडणी, मग दर सात-आठ दिवसांनी एक बहर.

तोडणीचं जवळून लिहा. टोपी तीन बोटांत धरून हलका पीळ द्यायचा, ओढायचं नाही. ओढलं की शेजारचे कोंबही उपटून येतात. देठाच्या जागी पडलेला खड्डा ताज्या केसिंगने बुजवायचा. मशरूममध्ये नव्वद टक्के पाणी, म्हणजे किलोभर तोडलं की ९०० मिली पाणी बेडमधून गेलं. ते परत द्यायचं, पण एकदम नाही. आणि शिंपल्यावर टोप्या लवकर सुकल्या पाहिजेत, त्यासाठी हवा खेळती ठेवायची. ओल्या राहिल्या तर जिवाणूंमुळे त्यांवर तपकिरी, बुळबुळीत डाग पडतात आणि मालाचा भाव जातो.

शब्दपाटी
दोघांचेही मनापासून आभार. एक शंका. मायकोगोन हा रोग जुन्या लेखनात सारखा भेटतो. त्यावर तेव्हा उपाय काय होता? आणि वैमानिकाची शिस्त मशरूमच्या शेतीत कामी आली, असं म्हणावं का?

रेशीमछत्र
मायकोगोनमध्ये मशरूमऐवजी बेढब गोळा येतो आणि त्यावर मधाच्या रंगाचे थेंब जमतात. त्या थेंबांत रोगाचे बीजाणू असतात. म्हणून गोळ्यावर पाणी मारायचं नाही, शिंतोड्याबरोबर रोग अख्ख्या बेडभर जातो. मिठाने पूर्ण झाकायचा किंवा ओला कागद घालून अलगद उचलायचा, आणि तो हात धुतल्याशिवाय दुसऱ्या ट्रेला लावायचा नाही. पीक संपलं की ट्रे बाहेर काढण्याआधी अख्खी खोली वाफेने ७० अंशांवर बारा तास. हे चुकवलं तर पुढच्या पिकात रोग पहिल्याच बहरात दिसतो.

शिस्तीचं वाक्य मी तरी लिहिणार नाही. मशरूमवाला कुठलाही असो, रोज थर्मामीटर बघतोच.

धावपट्टी
सहमत. त्याऐवजी कागदपत्रांनी जे सिद्ध होतं ते घाला. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये स्क्वाड्रनच्या कामकाजाच्या नोंदवह्या एआयआर २७ या मालिकेत आणि वैमानिकांचे लढाईचे अहवाल एआयआर ५० मध्ये आहेत. नोंदवहीत फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा सारांश आणि ५४१ म्हणजे उड्डाणागणिक तपशील: कोण, कुठलं विमान, किती वाजता वर, किती वाजता खाली. तारखेचा वाद असेल तर आधी ५४१ बघा. नेमणुका, पदकं आणि निवृत्ती लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात मिळतात. पण तिथली तारीख बरेचदा प्रसिद्धीची असते आणि अंमल वेगळ्या दिवसापासून असतो. दोन्ही वाचून मगच लिहा.

शेतीच्या वर्षांतला एक धागा मात्र जरूर घ्या. २८ जानेवारी १९४२ ला फ्रान्सवर कमी उंचीवरून उडताना विमानविरोधी तोफांनी त्यांचं स्पिटफायर पाडलं, तेव्हा त्यांना जेवायला बोलावणारे जर्मन अधिकारी अडॉल्फ गालांड होते. युद्धानंतर दोघांची मैत्री झाली आणि ती टिकली. ब्रिटनच्या लढाईवरच्या १९६९ च्या चित्रपटाला दोघेही सल्लागार होते. तेव्हा टक यांना हवाई दल सोडून वीस वर्षं झाली होती.

रेशीमछत्र
मसुद्यात "अंधारात वाढणारं पीक" असं काही असेल तर तेवढं काढा. बटन मशरूमला अंधार लागत नाही, उजेडाने त्याचं काही बिघडतही नाही. बिनखिडकीची शेड असते ती तापमान आणि ओलावा हातात राहावा म्हणून. तोडणीला तर दिवा लागतोच, नाहीतर टोपीखालचा पडदा फाटायला आला आहे की नाही ते दिसत नाही, आणि पडदा फाटायच्या आत तोडायचं असतं.