प्रतिसाद: स्वस्त निविदा म्हणजे स्वस्त डबा नव्हे

सर्वात कमी बोलीचा आग्रह धरला की शहरी रेल्वेचे डबे स्वस्त पडतात, हे वर आलेलं मत अर्धंच पटतं. खरा खर्च निविदेच्या आधीच ठरतो. प्रत्येक शहराला दारं, रुंदी, चालकाची केबिन वेगळी हवी. मग आराखडा आणि चाचण्यांचा सगळा बोजा मोजक्या डब्यांवर पडतो. उलट २०२२ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या सहा वाहतूक संस्थांनी मिळून जास्तीत जास्त ५०४ ट्राम-ट्रेनचा (शहरात ट्रामच्या आणि बाहेर रेल्वेच्या रुळांवर धावणाऱ्या गाड्यांचा) एकच करार केला, म्हणजे हा बोजा वाटला गेला; त्यात ३२ वर्षांपर्यंतची देखभालही धरली. मला हा देखभालीचा भागच जास्त महत्त्वाचा वाटतो: पुढे दुरुस्तीही आपल्याच गळ्यात पडणार म्हटल्यावर कंपनी तकलादू माल देताना दहादा विचार करते. मात्र सहा संस्थांचं एका आराखड्यावर एकमत घडवणं, तेही अधिकारी बदलत असताना, सोपं नसणार!