शब्दचर्चा : तरब, सलतना, कफला – उम्म कुल्सूमच्या गाण्यावर मराठीत लिहिताना

प्रश्न

आमच्या गानमंडळात इजिप्तच्या उम्म कुल्सूम यांच्यावर एक श्रवणसत्र ठेवलं आहे आणि त्याचं दोन पानी टिपण माझ्याकडे आलं आहे. चरित्राचा भाग अडला नाही. नाईलच्या त्रिभुजप्रदेशातलं तमाय अझ-झहायरा हे खेडं, गावच्या मशिदीत इमाम असलेले आणि लग्नसमारंभांत धार्मिक पदं गाणारे वडील, त्यांच्याबरोबर मुलाच्या वेशात गाणारी लहान मुलगी, 1920च्या दशकात कैरोला मुक्काम हलवणं, 1936 पासूनचे सहा चित्रपट, रेडिओ, आणि 3 फेब्रुवारी 1975 रोजी झालेला मृत्यू, हे सगळं लिहून झालं. गाण्याबद्दल लिहायला बसले आणि शब्द अडले. अरबीत त्यांना 'मुतरिबा' म्हणतात आणि त्यांच्या गाण्यातून 'तरब' होतो म्हणतात. शब्दकोशात तरब म्हणजे 'आनंद, हर्ष' असं सापडतं. त्यांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकलं की लोक हुंदके दिल्यासारखे ओरडताना ऐकू येतात. त्याला हर्ष कसं म्हणू? 'सित्त', 'कफला', 'सलतना' हेही हवे आहेत.

प्रतिसाद

कोशातला 'हर्ष' अर्धाच आहे. जुने अरबी कोशकार तरब म्हणजे अतिशय आनंदाने किंवा अतिशय दुःखाने माणसाला येणारं हलकेपण असं सांगतात. दोन्ही टोकं त्या शब्दात आहेत. माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. म्हणून हुंदके आणि हर्ष यांत विरोध नाही.

'मुतरिब' हे प्रयोजक रूप आहे : तरब घडवणारा. नुसतं गाणाऱ्याला 'मुगन्नी' हा वेगळा शब्द आहे. रोजच्या अरबीत आज दोन्ही शब्द कुठल्याही गायकासाठी वापरतात, त्यामुळे 'मुतरिबा' दिसलं की प्रत्येक वेळी भारावून जायला नको. उम्म कुल्सूमबद्दल मात्र तो मूळ अर्थानेच घ्यावा.

मराठीत 'तल्लीनता', 'भावसमाधी' सुचतील. मी ते घेणार नाही. त्यात शांत, डोळे मिटलेला श्रोता दिसतो. तरबमधला श्रोता बोलतो, उठतो, मागणी करतो. मला 'रंगणे' जवळचं वाटतं. गाणं रंगलं असं म्हणताना ते गायकाने रंगवलं की श्रोत्यांनी, हे आपण वेगळं काढत नाही. तरबही तसाच दोघांच्या मधे घडतो. टिपणात एकदा 'तरब' ठेवून पुढे सगळीकडे 'रंग', 'रंगणे' वापरलं तर वाचणाऱ्याला अडखळायला होणार नाही.

प्रतिसाद

'रंगणे'ला पाठिंबा. फक्त 'गाणं रंगलं' हे आपण बऱ्या मैफलीलाही म्हणतो, तरब त्याच्या वरचा आहे. 'रंग चढला' पाहा.

प्रतिसाद

आखातात नोकरीला असताना माझे बरेच सहकारी इजिप्तचे होते, त्यामुळे 'सित्त'बद्दल सांगतो. कैरोच्या बोलीत सित्त म्हणजे बाई. भाजी घेणारी कुणीही सित्त, शेजारीण सित्त, घरची मालकीण सित्त. पण 'अल' लावून 'अस्-सित्त' म्हटलं आणि विषय गाण्याचा असला, तर ती एकच. मैफलीत लोक ओरडतात ती प्रसिद्ध आरोळी 'अजमा अला अजमा या सित्त', म्हणजे थोरवीवर थोरवी चढवलीत, बाई!

म्हणून मी 'श्रीमती', 'देवी', 'महाराणी' यांतलं काहीही घेऊ नये असं म्हणेन. 'बाई' हाच शब्द. केसरबाई, हिराबाई, मोगूबाई ही नावं आपण ज्या आदराने घेतो तो आदर त्यात आहे, आणि शिष्यमंडळी नाव न घेता नुसतं 'बाई' म्हणतात तेव्हा कोणाबद्दल बोलणं चाललं आहे ते सगळ्यांना कळतं. घरकामाच्या संदर्भात 'बाई' शब्दाला जो हलकेपणा आला आहे त्यामुळे काहींना तो खटकेल. खटकू दे. सित्त हाही रोजच्या वापरातला साधा शब्द आहे, आणि त्या साधेपणातच लोकांची तिच्याशी असलेली जवळीक आहे.

प्रतिसाद

'कफला'वर जरा सविस्तर लिहिते, कारण उम्म कुल्सूमचं गाणं ऐकायला शिकायचं तर इथून सुरुवात करावी असं मला वाटतं.

गायक एका ओळीवर विस्तार करत जातो, स्वरांची वाट लांबवतो, आणि शेवटी मकामच्या (अरबी संगीतातल्या स्वरचौकटीच्या) विसाव्याच्या स्वरावर येऊन ती ओळ मिटवतो. त्या मिटवण्याला कफला म्हणतात. सभागृह फुटतं ते नेमकं तिथे. मूळ धातू क-फ-ल, बंद करण्याचा. अरबी 'कुफ्ल' म्हणजे आपलं कुलूप, शब्द तोच. गाणारीने ओळ बंद केली की ऐकणाऱ्यांचं तोंड उघडतं!

भाषांतरात 'सम' लिहिण्याचा मोह होईल, कारण आपल्याकडे 'वा' निघते ती समेवर. पण सम ही तालातली जागा आहे. कफला मुख्यतः स्वरातला आहे, तालाशिवायच्या गाण्यातही तो असतो. 'स्वरावर येऊन ओळ मिटवणे' असं उलगडून लिहिलेलं बरं.

त्यानंतरची गोष्ट आणखी महत्त्वाची. लोक ओरडतात 'अइद', म्हणजे पुन्हा. आपल्या संगीत नाटकांत 'वन्स मोअर' होता, पण त्यात पद पुन्हा व्हायचं. इथे गाणं चालू असतानाच तीच ओळ परत मागतात, आणि बाई ती परत गाताना आधीसारखी गात नाहीत. जोर वेगळ्या शब्दावर, चढ वेगळा, मिटणं वेगळं. म्हणून एक गाणं तासभर, कधी त्याहूनही जास्त चालायचं. त्याच गाण्याची दोन वेगळ्या रात्रींची ध्वनिमुद्रणं लांबीला सारखी नसतात. सत्रात एका ओळीच्या चार-पाच आवृत्त्या सलग ऐकवा. शब्द न कळणाऱ्या श्रोत्यालाही त्यातून समजेल.

या मैफली महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असत आणि इजिप्तच्या सरकारी रेडिओवरून थेट ऐकू येत. रेडिओ 1934 मध्ये सुरू झाला, आणि 1930च्या दशकापासून 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा गुरुवार अरब जगात पाळला गेला. तेव्हा सभागृहातल्या हजारभर माणसांच्या आरोळ्या लाखो घरांत पोचत होत्या. घरी बसलेला श्रोता गाण्याबरोबर श्रोतेही ऐकत होता, त्यामुळे तरब हा शब्द तिच्याशी इतका घट्ट चिकटला असावा.

प्रतिसाद

'सलतना' म्हणजे सल्तनतच. फारसीतून आलेल्या अशा शब्दांना आपल्याकडे शेवटी 'त' मिळाला : दौला–दौलत, हरका–हरकत. (हरकत शब्द आपल्या गवयांनीही घेतला, आणि तो मूळच्या 'हालचाल' या अर्थाच्या जवळ आहे. 'माझी हरकत नाही' मधला अर्थ नंतरचा.) संगीतात सलतना ही गायकाची अवस्था : मकामचा अंमल त्याच्यावर चढलेला असतो. तरब दोघांमधे, सलतना गाणाऱ्यावर. 'अंमल' हाही अरबीच शब्द आहे, मराठीत तो राज्याचाही असतो आणि नशेचाही. 'मकामचा अंमल चढणे' यापेक्षा चांगलं भाषांतर मला सुचत नाही.

मकाम हा आपल्या 'मुक्काम'चा सख्खा नातलग, उभं राहण्याची जागा. रागाशी तुलना करा, पण 'मकाम म्हणजे राग' असं समीकरण टिपणात नको. रास्त, बयाती, सिकाह यांसारख्या मकामांत आपल्या शुद्ध-कोमलच्या मधे पडणारे स्वर नेमाने येतात.

'कानून' हे एका तंतुवाद्याचंही नाव आहे. तिथे 'कायदा' लिहिलेलं एक भाषांतर पाहिलं आहे, म्हणून सांगतो. आणि 'तख्त' म्हणजे सिंहासन नव्हे, तर ऊद हे तंतुवाद्य, कानून, व्हायोलिन, नाय ही बासरी आणि रिक ही खंजिरी असा छोटा वाद्यसंच.

प्रश्नकर्ती

तख्तवरून आठवलं. 1926च्या सुमारास बाईंनी घरच्या माणसांची साथ सोडून नामवंत वादकांचा तख्त घेतला, त्यात ऊदवर मुहम्मद अल-कसबगी. त्याआधीच्या साथीला 'बिताना' म्हणतात. कोशात 'कपड्याचं अस्तर' असा अर्थ दिसतो.

प्रतिसाद

अस्तर बरोबर आहे, आणि तिथूनच मागे धरून गाणाऱ्यांना तो शब्द लागला. मराठीत याला नेमका शब्द आहे : झीलकरी. पोवाड्यात, गोंधळात मागे झील धरणारे. वडील, भाऊ आणि इतर नातलग वाद्यांशिवाय धार्मिक पदं गात होते, 'कोरस' हा शब्द तिथे परका वाटतो. झीलकरी सोडून तख्त घेणं म्हणजे काय बदललं, हे मराठी वाचकाला त्या एका शब्दाने कळेल. धार्मिक पदं गाणारी खेड्यातली शेखा कैरोची मुतरिबा झाली ती याच टप्प्यावर. शब्दांचे स्वच्छ उच्चार मात्र कुराणपठणाच्या लहानपणच्या शिक्षणातून आलेले, ते शेवटपर्यंत राहिले.

प्रतिसाद

गाण्यांच्या नावांबद्दल.

'कसीदा' लिहा, 'कशिदा' नको. कशिदा फारसी 'ओढणे'वरून, भरतकामाचा. कसीदा अरबी काव्यप्रकार.

'अल-अतलाल' (1966, कवी इब्राहिम नागी, संगीत रियाद अस्-सुनबाती) याचं 'भग्नावशेष' असं भाषांतर सर्रास दिसतं. त्याने डोळ्यांसमोर दगडी देऊळ किंवा किल्ला येतो. जुन्या अरबी काव्यात अतलाल म्हणजे भटक्या टोळीने तळ उठवल्यावर वाळूत राहिलेल्या खुणा. प्रेयसीची माणसं निघून गेली आहेत आणि कवी त्या जागी थांबला आहे, अशी कसीद्याची ठरलेली सुरुवात असते. 'उठलेल्या तळाच्या खुणा' लांबलचक आहे, पण खरा आहे. सत्राच्या पत्रिकेवर नुसतं 'खुणा' छापलं तरी चालेल.

'इन्ता उम्री' (1964) मधला उम्र म्हणजे आपला उमर, पण मराठीत उमर म्हणजे वय. 'तू माझं आयुष्य' लिहा. संगीतकार मुहम्मद अब्देल वहाब यांनी तिच्यासाठी केलेलं हे पहिलं गाणं. दोघं इतकी वर्षं समांतर राहिली होती की वर्तमानपत्रांनी या भेटीला 'लिका अस्-सहाब', मेघांची भेट, म्हटलं. 'लिका' आणि आपली 'मुलाखत' एकाच धातूच्या.

खय्यामच्या रुबायाही तिने गायल्या आहेत, कवी अहमद रामी यांनी थेट फारसीतून अरबीत आणलेल्या. माधव जूलियन यांनी त्या थेट फारसीतून मराठीत आणल्या, तेव्हा 'रुबाइयात' न लिहिता आपलं 'रुबाया' लिहायला हरकत नाही.

प्रश्नकर्ती

बाईंना लावतात ते 'कौकब अश्-शर्क' हे बिरुद राहिलं. 'कौकब' म्हणजे ग्रह असं आजच्या अरबी कोशात आहे.

प्रतिसाद

'पूर्वेचा ग्रह' नको, मराठीत ग्रह पाठीमागे लागतात. जुन्या भाषेत कौकब कुठल्याही ठळक ज्योतीला म्हणत. 'पूर्वेचा तारा' ठेवा. 'तारका' केलंत तर चित्रपटाची नटी वाटेल. तिथे शर्क म्हणजे अरब पूर्व, जपान-चीन नव्हे, हे एका वाक्यात सांगा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद असा केला आहे, शब्द तपासून द्या :

"1967च्या युद्धात इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर बाईंनी देशाच्या मदतीसाठी गावोगाव आणि परदेशांत मैफली केल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात त्या गायल्या. 1975 मध्ये त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखो माणसं होती. लोकांनी शवपेटी खांदेकऱ्यांकडून आपल्या हातात घेतली आणि वाट बदलून ती हुसेन मशिदीपर्यंत नेली."

प्रतिसाद

छान झाला आहे. 'शवपेटी'ऐवजी 'जनाजा' लिहा, तो शब्द मराठी वाचकाला ठाऊक आहे. आणि नाव सगळीकडे एकसारखं असू द्या : प्रमाण अरबीत 'उम्म कुल्थूम', कैरोच्या तोंडी 'ओम्म कल्सूम'. आपल्याकडे कुलसुम हे नाव रुळलेलं आहे, म्हणून 'उम्म कुल्सूम' योग्य. 'उम्म'मधला जोड 'म' मात्र पत्रिकेच्या छपाईत सुटू देऊ नका.