मदत हवी आहे : चिपळूणच्या डोंगराआडच्या वाड्यांतून हॅम रेडिओचा संपर्क कसा जुळवावा?

नमस्कार मंडळी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना आपली माणसं कुठे आहेत हेच कळेना. पुन्हा तशी वेळ आली तर तहसील कचेरीपर्यंत निरोप पोहोचावा म्हणून आम्ही काही परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) तयारी करतोय.

अडचण डोंगरांची आहे. दोन मीटर बँडवरचा (म्हणजे साधारण दोन मीटर तरंगलांबीच्या लहरींचा) ५ वॅटचा हँडसेट मोकळ्यावर छान चालतो, पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतून नुसती खरखर. उंचावर रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र) बसवायचा तर परवानगी, वीज, देखभाल सगळं आलं. आणि ऐन पुरात तोच बंद पडला तर वर जाणार कोण? म्हणून माझा ओढा ४० मीटर बँडकडे आहे. साधारण २० मीटर लांबीचा डायपोल (तारेचा अँटेना) जमिनीपासून तीन-चार मीटरवरच बांधला की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनोस्फियरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) आसपासच्या मुलखात परततात. मधला डोंगर आडवा येत नाही. रात्री मात्र जवळच्या अंतराला हा बँड बऱ्याचदा दगा देतो.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर कुणी हे केलंय का? रात्री ८० मीटरवर जाता का? धो धो पावसात कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) जोडण्यांत पाणी शिरू नये म्हणून काय गुंडाळता? आणि १०० वॅटच्या सेटवर गरजेपुरतंच बोललं, तर १२ व्होल्टची किती अँपिअर-अवरची बॅटरी दिवसभर पुरते? जूनच्या आत तारा बांधून व्हायला हव्यात, तेव्हा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.