पतसंस्थेतले सभासदांचे आधार-पॅन बाहेर जाऊ नयेत म्हणून काय करावं?

लांजा_२:
पतसंस्थेच्या लांजा आणि राजापूर अशा दोन शाखा. मिळून सात कॉम्प्युटर, सगळे विंडोज ११ प्रो. सभासदांचे आधार, पॅन, खातेउतारे एक्सेलमध्ये आणि स्कॅन करून ठेवलेले. पावसात नेट गेलं की फाइल पेनड्राइव्हवरून एसटीने राजापूरला जाते, त्यामुळे पेनड्राइव्ह बंद केले तर काम अडतं. आधी डीएलपी सॉफ्टवेअर (गोपनीय माहिती बाहेर जाताना ओळखून अडवणारं) घ्यावं का?

काजूबी:
आधी पेनड्राइव्हचं बघा. सरसकट बंद करू नका, तीच फाइल मग मोबाईलवरून जाईल आणि कळणारही नाही. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) बिटलॉकरखाली (विंडोजमधली ड्राइव्ह कुलूपबंद करायची सोय) 'रिमूव्हेबल डेटा ड्राइव्ह्ज' उघडा आणि बिटलॉकर नसलेल्या ड्राइव्हवर लिहायला मनाई करणारी पॉलिसी चालू करा. साध्या पेनड्राइव्हवरची फाइल वाचता येते, त्यावर टाकता येत नाही. दोन पेनड्राइव्ह बिटलॉकर करून फक्त ये-जा करायला ठेवा; त्यातला एखादा एसटीत राहिला तरी पासवर्डशिवाय उघडत नाही. पासवर्ड विसरला तर लागणारी ४८ आकडी रिकव्हरी की छापून तिजोरीत. पेनड्राइव्हच्या पाकिटात मुळीच नको!

दोन गोष्टी हमखास राहतात. रोजचं लॉगिन ॲडमिनचं असेल तर कोणीही ही पॉलिसी काढून टाकतो, म्हणून ते स्टँडर्ड करा. आणि केबलने जोडलेला मोबाईल या पॉलिसीत अडत नाही. त्यासाठी 'रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस'मध्ये डब्ल्यूपीडी डिव्हाइसवर (मोबाईलसारखी जोडलेली उपकरणं) लिहायची बंदी वेगळी घालावी लागते.

हर्णे_बंदर:
काजूबींशी सहमत. डीएलपी नंतर घ्या, पण घेण्याआधी मराठी फाइलवर चालवून बघा, तिथेच बहुतेकांची फसगत होते. डीएलपीतला आधार नंबर ओळखायचा नियम इंग्रजी आकड्यांसाठीच लिहिलेला असेल तर देवनागरीत टाइप केलेला नंबर सरळ निसटतो. नियमात दोन्ही आकडे घाला. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलीत 'गोपनीय' शब्द शोधून सापडणारच नाही, कारण आत साठवलेली अक्षरं मराठी नसतातच. तसल्या फाइली आधी युनिकोडमध्ये आणा.

नुसते '१२ आकडे' शोधलेत तर कर्जखात्यांचे नंबरही अडकतील आणि कर्मचारी वैतागून इशारे बघायचं सोडतील. आधार ० किंवा १ ने सुरू होत नाही आणि त्याचा शेवटचा आकडा व्हरहॉफ पद्धतीचा तपासणी आकडा असतो, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून हिशोबाने काढलेला. ही तपासणी लावली की दहातले साधारण नऊ खोटे इशारे गळतात. पॅन सोपा: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर 'पी'.

लांजा_२:
आणि स्कॅन, फोटो? बरेच सभासद आधार व्हॉट्सॲपवर पाठवतात.

काजूबी:
ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखायची सोय) नसलेल्या डीएलपीला फोटोतलं काही वाचता येत नाही. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधारच मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो संस्थेच्या फोल्डरमध्ये घेतला की चॅटमधून आणि गॅलरीतून काढा. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर तिथूनही काढा; काढलेला फोटो तिथल्या ट्रॅशमध्ये आणखी ६० दिवस राहतो, म्हणून ट्रॅशही रिकामा करा.