अलास्का क्रूझसाठी सिअ‍ॅटलला विमानाने जावं की कोस्ट स्टारलाइटने? (आईबाबा सोबत आहेत)

चिंचेचा_कोळ
नमस्कार मंडळी. जूनमध्ये अलास्काची क्रूझ ठरली आहे. जहाज सिअ‍ॅटलहून दुपारी चारला सुटतं आणि सात दिवसांनी तिथेच परततं. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो, सांगलीहून आईबाबा येणार आहेत. दोघंही सत्तरीचे, बाबांचे गुडघे कुरकुरतात. नवरा म्हणतो, विमानाने दोन तासांत पोचतो, कशाला घोळ? मला मात्र बाबांना कोस्ट स्टारलाइट या लॉस एंजेलिस ते सिअ‍ॅटल आगगाडीत बसवायचंच आहे. जन्मभर खिडकीच्या जागेसाठी भांडलेला माणूस आहे तो! सॅन होजेला रात्री बसायचं, दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास सिअ‍ॅटल. स्लीपर घ्यावा का? खाण्याचं काय? जाणकारांनी सांगा.

घाटमाथ्यावरचा
जरूर जा. फक्त जहाजाच्या आदल्या रात्री पोचणारी गाडी घेऊ नका, त्याच्या आदल्या दिवशीची घ्या. रूळ ही गाडी चालवणाऱ्या ॲमट्रॅकचे नाहीत, मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत. पोर्टलंडपर्यंत युनियन पॅसिफिकचे, पुढे बहुतेक बीएनएसएफचे. कायद्याने प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची असते, पण समोरची मालगाडी इतकी लांब असते की बाजूच्या रुळावर मावतच नाही. मग थांबतं कोण? आपणच. दोन-चार तासांचा उशीर धरूनच चाला. जहाज कोणासाठी थांबत नाही.

आता बघायचं काय ते. पहाटे डन्सम्यूरच्या आसपास जाग ठेवा. चौदा हजार फुटांचा माउंट शास्ता तिथे गाडीच्या अवतीभवती फिरत राहतो, कधी या खिडकीत, कधी त्या. गाडी अगदी वेळेवर असली तर जेमतेम उजाडलेलं असतं, त्यामुळे इथे तासभर उशीर झाला तर फायदाच. क्लॅमथ फॉल्स सोडलं की डावीकडे अप्पर क्लॅमथ तळं लागतं, बराच वेळ साथ देतं. पांढरे पेलिकन दिसतात. मग कॅस्केड पर्वत ओलांडायचा: ओडेल तळं, आणि तिथून खाली ओकरिजकडे उतरताना बोगदा, वळण, बर्फापासून रूळ वाचवायला बांधलेली छपरं, पुन्हा बोगदा. कसारा घाटात दारात उभं राहून वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हा सगळा भाग दुपारच्या आत होतो. युजीननंतर सपाट शेतं, तेव्हा झोप काढा.

हिशेबी_टोपी
मी विरोधी पक्षात. चौघांना दोन रूमेट (दोघांची झोपायची छोटी खोली) लागतील, आणि त्या पैशात विमानाची तिकिटं काढून वर सिअ‍ॅटलमध्ये चांगलं हॉटेल मिळेल. शिवाय जुन्या यूट्यूब व्हिडिओंवर जाऊ नका. त्यात दिसणारा टॅकोमाच्या अलीकडचा समुद्रकाठ २०२१ च्या नोव्हेंबरपासून या मार्गावर नाही, गाडी आतल्या बायपासने जाते. आणि पॅसिफिकचा किनारा बघायचा तर लॉस एंजेलिसहून बसायला हवं, तो सगळा सॅन लुइस ओबिस्पोच्या दक्षिणेला आहे. सॅन होजेहून बसणाऱ्याला समुद्र नाही.

माझ्या मते जाताना विमान, येताना गाडी. परतीला उशीर झाला तर फार तर एक सुट्टी जाईल.

घाटमाथ्यावरचा
@हिशेबी_टोपी, मुद्दा बरोबर, पण परतीची गाडी सिअ‍ॅटलहून सकाळी दहाच्या आत सुटते. जहाज सकाळी लागतं, सामान घेऊन उतरेपर्यंत धावपळ. म्हणजे एक रात्र हॉटेल आलंच. कॅस्केड जूनच्या लांब संध्याकाळी छान दिसतो, शास्ता मात्र अंधारात जातो. ज्याला जे हवं ते.

दशमीवाली
गुडघ्यांबद्दल लिहिते, कारण तिकीट काढताना हे कोणी सांगत नाही. डबे दुमजली. एका डब्यातून दुसऱ्यात फक्त वरच्या मजल्यावरून जाता येतं. खालच्या मजल्यावरची रूमेट घेतली तर चढउतार वाचतो, स्वच्छतागृह आणि शॉवर तिथेच जवळ. पण जेवणाचा डबा आणि मोठ्या काचांचा डबा गाठायला जिना चढावाच लागतो, आणि तो अरुंद, वळणाचा आहे. जेवण खोलीत आणून द्यायला अटेंडंटला सांगता येतं. रूमेटमध्ये स्वतःचं टॉयलेट नसतं. वरचा बर्थ अगदी अडचणीचा, धड उठून बसता येत नाही. म्हणून प्रत्येक रूमेटमध्ये एक तरुण, एक ज्येष्ठ अशी वाटणी करा, म्हणजे आईबाबांना वर चढायला नको. बजेट असेल तर त्यांना बेडरूम घ्या, त्यात टॉयलेट आणि शॉवर दोन्ही आहे, पण बहुतेक बेडरूम वरच्या मजल्यावर.

स्लीपरच्या तिकिटात जेवण येतं. शाकाहारी असाल तर आधीच कळवा. घरचं खाणं जागेवर बसून खुशाल खा, फक्त ते गरम करून देत नाहीत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आणि हे सगळं सिअ‍ॅटलला पोचेपर्यंत संपवा, क्रूझवाले घरी केलेले पदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत.

शिकागोचा_वारा
अवांतर: मिडवेस्टातल्या मंडळींसाठी हाच बेत एम्पायर बिल्डर गाडीने होतो. शिकागो ते सिअ‍ॅटल, दोन रात्री, साधारण ४६ तास. दुसऱ्या संध्याकाळी गाडी ग्लेशियर नॅशनल पार्कच्या कडेने जाते आणि जूनमध्ये तिथे नऊनंतरही उजेड असतो. स्पोकेनला मध्यरात्रीनंतर गाडी दुभंगते, एक भाग पोर्टलंडला, एक सिअ‍ॅटलला. काचेचा डबा पोर्टलंडकडे जातो. झोपताना आपल्याच डब्यात असा म्हणजे झालं.

शिक्का_मोर्तब
सगळे खिडकीतून काय दिसतं यातच. आईबाबांचा कॅनडाचा व्हिसा काढलात का? परदेशी झेंड्याच्या जहाजाला सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतायचं तर वाटेत परदेशी बंदराला लागावं लागतं, १८८६ चा कायदा आहे. म्हणून या क्रूझ बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, तेही संध्याकाळचे काही तास. भारतीय पासपोर्टला त्यासाठी व्हिसा लागतो, तुम्ही खाली उतरा न उतरा. नसेल तर धक्क्यावरच अडवतील. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघा.

चिंचेचा_कोळ
@शिक्का_मोर्तब, व्हिसाचं डोक्यातच नव्हतं! आजच अर्ज बघते. बाकी ठरलं: दोन दिवस आधीची गाडी, दोन रूमेट खालच्या मजल्यावर, परतीला विमान. नवरा वरच्या बर्थवर, तो नाही म्हणू शकत नाही.
एकच राहिलं. सिअ‍ॅटल स्टेशनहून जहाजाचा धक्का किती लांब?

दशमीवाली
धक्के दोन आहेत, तिकिटावर बघा. पिअर ६६ किंग स्ट्रीट स्टेशनपासून जेमतेम दीड-दोन मैल, पिअर ९१ त्याच्या बराच पुढे, डाउनटाउनच्या उत्तरेला. दोन्हीकडे टॅक्सीच करा. हॉटेल मधे डाउनटाउनला घ्या.